एकोणसाठ नंबरचं विमान

आमच्या गल्लीत यांना सगळे पायलट म्हणतात. नवीन माणसाला वाटतं, असतील बुवा कधी काळी. कसले पायलट! शिलाई मशीन दुरुस्त करतात. एकसष्ट वर्षांचे झाले, अजून विमानात पाऊल ठेवलेलं नाही. ठेवायची हौसही नाही. "आत बसल्यावर विमान दिसतं कुठे?" असं वर मलाच विचारतात.

मी कपडे शिवते. पुढच्या खोलीत माझं दुकान, मागच्या खोलीत यांची दुरुस्ती आणि मध्ये स्वयंपाकघर. यांच्या टेबलावर एका डब्यात बॉबिनी, एकात सुया, एकात कुठल्या मशीनचे ते देव जाणे असे स्क्रू. आणि टेबलाच्या वर, भिंतभर, विमानांच्या शेपट्यांचे फोटो. अख्खं विमान एकही नाही. नंबर शेपटीवर असतो, म्हणून नुसत्या शेपट्या. पाहुणे विचारतात, हे काय हो? मी सांगते, आमच्या सासरची मंडळी.

कान तर असा आहे यांचा की मी पुढच्या खोलीत शिवत असले तर मागून ओरडतात, "शटल ढिलं झालंय तुझं, थांब." आणि खरंच ढिलं झालेलं असतं. पण त्याच कानाला "दूध उतू चाललंय, गॅस बंद करा" हे कधीही ऐकू गेलेलं नाही. एकतीस वर्षं मी हे बघतेय. आधी वाटायचं, ऐकू येत नाही. मग कळलं, येतं सगळं, आत घेत नाहीत.

आता हे विमानांचं वेड म्हणजे नेमकं काय, ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही जत्रेला गेल्यासारखे एअर शोला जातो, कुल्फी खातो, टाळ्या वाजवतो आणि येतो. तसं असतं तर मी कशाला बोलले असते? हे जातात नंबर गोळा करायला. प्रत्येक विमानाचा नंबर वाचायचा आणि वहीत लिहायचा. बास. पुढे त्याचं काय करायचं? काही नाही. वहीत लिहिलेलं असतं, एवढंच.

त्यातही यांचा जीव अडकलाय तो एका लढाऊ विमानात. खरं नाव लांबलचक आहे, पण ते उडताना टिटवीसारखं किंचाळतं म्हणून सगळे हौशी लोक त्याला टिटवीच म्हणतात. हवाई दलाने एकूण पन्नास टिटव्या घेतल्या होत्या, नंबर एक्केचाळीस ते नव्वद. यांनी एका जाड कागदावर पन्नास चौकोन आखले. जी टिटवी स्वतःच्या डोळ्यांनी उडताना पाहिली, तिच्या चौकोनात टिक. जमिनीवर उभी असलेली चालत नाही. म्युझियममध्ये ठेवलेली चालत नाही. दुसऱ्याने पाहिलेली तर नाहीच नाही. वही भरली की तो कागद नव्या वहीत जातो. आमच्या लेकीची शाळेची प्रगतिपुस्तकं कुठे आहेत ते विचारा, सांगता येणार नाही. हा कागद मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत.

आणि हे एकट्याचं काम नाही, हीच तर मेख आहे. विमान दोन सेकंदांत डोक्यावरून जातं. दुर्बीण डोळ्यांवरून काढली की पुढचं गेलंच. म्हणून एकाने दुर्बीण लावून नंबर ओरडायचा आणि दुसऱ्याने वही घेऊन तो लिहायचा. दुसरं कोण, ते कळलंच असेल.

आधी हे काम माझ्या नणंदेकडे होतं. आमच्या लग्नाला तीन आठवडे झाले आणि हे म्हणाले, "उद्या बाहेर जायचंय, तयार राहा." मी नवे कपडे काढले, टाचांच्या चपला काढल्या. मनात म्हटलं, तळ्यावर नेतील, नाहीतर सिनेमाला. नेलं कुठे, तर एका रणरणत्या माळावर, हजारो माणसांत. वन्संनी माझ्या एका हातात वही ठेवली, दुसऱ्यात पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "आजपासून हे तुझं." मला वाटलं, घराच्या किल्ल्या देतात तसा काही मान असेल. वन्सं लगेच झाडाखाली जाऊन आडव्या झाल्या, त्या संध्याकाळीच उठल्या. त्यांना किती सुटल्यासारखं वाटलं असेल, ते आता कळतं.

त्या दिवशी मी यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. टाच सोलून निघालेली, डोक्यावर ऊन, कानात ती किंचाळी. हे आपले दुर्बिणीत डोळे घालून आकडे ओरडतायत आणि मी डोळ्यांत पाणी आणून लिहितेय. टिटव्यांमधला माझ्या हातचा पहिला आकडा एकोणसत्तर. मला अजून आठवतो, कारण लिहून झाल्यावर मी त्याच्यावर एक थेंब पाडला होता आणि नऊची शेपटी पसरली होती.

पण काम हातात घेतलं की ते नीट करायचं, हा माझा स्वभाव. मी मापं लिहिणारी बाई आहे. कंबर एकोणतीस म्हणजे एकोणतीस, तिथे तीस लिहिलं तर गिऱ्हाईक दारात उभं राहतं. गल्लीत कुणालाही विचारा, माझ्या आकड्यात आजवर चूक निघालेली नाही. हे मी यांनाही ऐकवते. रोज नाही, पण ऐकवते. यांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला की ऐकवते. गिऱ्हाइकाचं मशीन दुसऱ्याच गिऱ्हाइकाला दिलं की ऐकवते. "माझ्या एका आकड्यात चूक काढून दाखवा, मग बोला," असं मी म्हणते आणि हे स्क्रू फिरवत राहतात.

असं करत करत बारा वर्षांपूर्वी एकोणपन्नास टिटव्या झाल्या. एकच चौकोन रिकामा राहिला, एकोणसाठ. कधी ते विमान दुरुस्तीला गेलेलं असायचं, कधी दुसऱ्या तळावर, कधी आम्ही पोचायच्या आधीच उडून गेलेलं. तेव्हा मी यांना समोर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, की एकोणसाठ दिसलं की वही बंद. माझे गुडघे गेले, माझे रविवार गेले. लेक लांब राहते, तिच्याकडे सलग आठ दिवस राहायला मला कधी मिळालेलं नाही, कारण यांचा कुठे ना कुठे शो असतो. एकोणसाठ दिसलं की दुसऱ्या दिवसापासून रविवार माझे.

"शब्द द्या," मी म्हटलं.

"दिला," हे म्हणाले.

झालं! त्या दिवसापासून त्या विमानाची काळजी यांच्यापेक्षा मलाच जास्त. हे आपले निवांत. एकोणसाठ आलं नाही असं कळलं की मी कपाळावर हात मारून घ्यायची आणि हे म्हणायचे, "असू दे गं, पुढच्या वेळी." मला तर संशय यायचा की या माणसाला ते विमान बघायचंय तरी का!

त्यात एक नवीन खूळ निघालं. पूर्वी हे सरळ आकडा ओरडायचे, अठ्ठेचाळीस, त्र्याहत्तर. अकरा वर्षांपूर्वी एकदम फोड करून सांगायला लागले. चार-आठ. सात-तीन. मी म्हटलं, हे काय आणि? म्हणाले, रेडिओवर असंच बोलतात, तशी पद्धतच आहे. मी म्हटलं, रेडिओवर बोलत असतील, मी काय रेडिओ आहे? मला त्र्याहत्तर समजत नाही का? मी काय बालवाडीत आहे? पण नाही. सात-तीन म्हणजे सात-तीन. पुढे मी नाद सोडला. या घरात मी बऱ्याच गोष्टींचा नाद सोडलेला आहे.

आणि मग गेल्या महिन्यात बातमी आली की टिटव्या सेवेतून काढणार. शेवटचं उड्डाण आपल्याच तळावर, मोठ्या शोमध्ये. चार टिटव्या उडणार, आणि त्या चारांत एकोणसाठ! मला इतका आनंद झाला की मी लेकीला फोन करून सांगितलं, सोमवारी निघते, आठ दिवस राहणार, गादी काढून ठेव. बॅगही भरली. हे बघत होते.

"तुम्हाला आनंद नाही झाला?" मी विचारलं.

"झाला की," हे म्हणाले आणि एका मशीनचा पट्टा बसवत राहिले.

रविवारी आम्ही सकाळी साडेसातलाच कुंपणाशी जागा धरली. दोन घडीच्या खुर्च्या, छत्री, पाण्याच्या चार बाटल्या, पोळ्यांचा डबा, वही, कागद, तीन पेनं. तीन अशासाठी की एकदा पेन वाळलं होतं आणि हे आठ दिवस शोकात होते. आमच्या शेजारी नेहमीचा रेडिओवाला बसला होता. हा पेशाने दातांचा डॉक्टर, पण कानाला सतत एक छोटा रेडिओ लावून वैमानिकांचं बोलणं ऐकतो आणि न विचारता सगळ्यांना सांगतो. एरवी मला त्याचा वैताग येतो, पण त्या दिवशी मी मुद्दाम त्याला दोन पोळ्या दिल्या.

अकरा वाजता टिटव्यांची पाळी. समोर लांबवर चौघी ओळीने उभ्या. यांनी दुर्बीण लावली. "चार-सात. सहा-दोन. आठ-पाच. पाच-नऊ." मी पेनाचं टोपण काढून बसले, रिकाम्या चौकोनावर हात ठेवूनच. पहिली निघाली, दुसरी निघाली, तिसरी निघाली. चौथी हललीच नाही.

"एकोणसाठचं इंजिन सुरू होत नाहीये," रेडिओवाला म्हणाला. "मागे घेतायत."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"म्हणजे उडणार नाही. चार वाजता शेवटची फेरी आहे. तोवर दुरुस्त झालं तर झालं."

माझं डोकंच फिरलं. बारा वर्षं! बारा वर्षं मी ज्याची वाट बघतेय ते विमान माझ्या नाकासमोर उभं, शेपटीवरचा पाच आणि नऊ मला दुर्बिणीशिवाय दिसतायत आणि म्हणे उडणार नाही!

"टिक करा," मी यांना म्हटलं.

"जमिनीवरचं धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

"कुणीच धरत नाही."

"कोण येणार आहे तपासायला? सरकार येणार आहे? समोर आहे, नंबर दिसतोय, चाकं आहेत, पंख आहेत. करा टिक!"

"अगं, उडताना पाहिलं तरच लिहायचं. खोटं लिहायचं असेल तर घरी बसून पन्नास टिका करता येतात की."

बोलण्यात खोट काढता येईना, म्हणून जास्तच राग आला. मी पाण्याची बाटली उचलली आणि तरातरा निघाले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. सावली फक्त म्युझियमच्या नव्या दालनात होती, म्हणून तिथे गेले.

दालन याच वर्षी उघडलंय. पत्र्याचं उंच छप्पर, खाली जुनी विमानं, आणि दाराजवळ खुर्ची टाकून बसलेले फोरमन. हे फोरमन म्हणजे याच तळावर अख्खी नोकरी केलेले इंजिनांचे मेकॅनिक. आता निवृत्त झाले तरी घरी करमत नाही, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला विमानं समजावून सांगतात. यांची आणि त्यांची जुनी ओळख. भेटले की दोघं तासभर बोलतात आणि मी चपलांचे अंगठे मोजत उभी राहते.

"या वहिनी, बसा. पायलट कुठे?"

"उन्हात," मी म्हटलं.

समोरच्या भिंतीवर मोठा बोर्ड होता. पन्नासच्या पन्नास टिटव्या, नंबरवार, आणि प्रत्येकीचं पुढे काय झालं ते. मी सहज वाचायला लागले. अमुक भंगारात, तमुक दुसऱ्या देशाला. एकोणसत्तर नंबरपाशी आले तर लिहिलेलं, धावपट्टीवर आग लागून जळालं, वैमानिक सुखरूप. आणि पुढे साल. आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीचं.

"अहो फोरमन, तुमचा बोर्ड चुकलाय," मी म्हटलं. "एकोणसत्तर आम्ही उडताना पाहिलंय. माझ्या हातचा पहिलाच आकडा तो. साल बघा, तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं."

"शक्य नाही वहिनी. ते जळालं तेव्हा पाण्याचा पाइप माझ्या हातात होता."

"मग आम्ही काय भूत पाहिलं? आमच्या लग्नाच्या वर्षीचा शो. मी स्वतः लिहिलंय."

"त्या शोला?" फोरमन म्हणाले. "त्या शोला आमच्याकडून एकच टिटवी उडाली. एकोणसाठ. इंजिन मीच तपासून सोडलं होतं."

मी पुन्हा बोर्डाकडे वळले.

एकोणसाठ. एकोणसत्तर. आपल्या आकड्यांना तरी काय म्हणावं! साठाच्या आधीचं एकोणसाठ, सत्तराच्या आधीचं एकोणसत्तर, आणि बोलताना जोर सगळा 'एकोण'वर. पुढचं शेपूट किंचाळीत गेलं तर कुणाला कळणार? लहानपणी मास्तरांनी याच जागी माझा कान पिळला होता. हे ओरडले असणार एकोणसाठ. मी फुगून बसलेली, टाच सोललेली, मी लिहिलं ६९. दिवसाला हे शंभर आकडे ओरडतात, संध्याकाळी त्यांच्या डोक्यात एक राहत नाही. वहीत असेल तेच खरं. आणि वही माझी.

म्हणजे एकोणसाठ यांनी तेव्हाच पाहिलं होतं. बारा वर्षं एकाच चौकोनासाठी आम्ही उन्हात करपलो तो चौकोन मीच रिकामा ठेवला होता. आणि ज्या चौकोनात टिक आहे ते विमान आम्ही पाहिलेलंच नाही, आणि आता कधी पाहणारही नाही, कारण ते जळून गेलंय. यादी पुरी होणं शक्यच नव्हतं.

फोरमन माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलणार होते, पण मी थांबलेच नाही.

बाहेर आले आणि सावलीच्या कडेला उभी राहिले. खरं सांगते, माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली? गप्प बसावं. चार वाजता ते विमान उडालं तर हे टिक करतील, पन्नास होतील, वही बंद होईल, शब्द पाळला जाईल. बॅग भरलेली आहे. लेकीने गादी काढून ठेवलीय. कुणाला कळणार आहे? सांगितलं तर? तर ही यादी जन्मात पुरी होणार नाही आणि मला जन्मात सुटका नाही. शिवाय सांगायचं ते कोणत्या तोंडाने? "माझ्या एका आकड्यात चूक काढून दाखवा" असं एकतीस वर्षं ज्या तोंडाने म्हटलं, त्याच?

परत गेले तर हे तसेच बसलेले, दुर्बीण मांडीवर. माझी खुर्ची छत्रीच्या सावलीत ओढून ठेवली होती, स्वतः उन्हात.

"पोळी खा," हे म्हणाले.

"नकोय," मी म्हटलं. मला त्यांच्याकडे बघवेना. बघितलं नाही की राग येतो आणि बघितलं की दया येते, असा हा माणूस आहे. तीन तास मी आमची वही मांडीवर घेऊन बसले आणि त्या ६९ नंबरच्या चौकोनाकडे बघत राहिले. खोटं लिहायचं असेल तर घरी बसून पन्नास टिका करता येतात की. हे यांचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

चारला दहा कमी असताना रेडिओवाला ओरडला, "झालं! इंजिन सुरू झालं!" सगळं कुंपण उठून उभं राहिलं. लांबून ती किंचाळी सुरू झाली. यांनी दुर्बीण लावली.

"अहो," मी म्हटलं.

"थांब, येतंय."

"अहो, आपण हे पाहिलंय!"

"काय?"

"हे विमान! आपण आधीच पाहिलंय!"

"ऐकू येत नाही गं!"

विमानाने जमीन सोडली आणि ते थेट आमच्याच अंगावर यायला लागलं. कानठळ्या बसत होत्या. मी यांच्या कानाशी तोंड नेऊन जीव खाऊन ओरडले, "पहिल्या वर्षी! एकोणसाठ होतं! मी एकोणसत्तर लिहिलं! मी चुकले!" आणि नेमकं तेवढ्यात विमान डोक्यावरून पार झालं, आवाज एकदम ओसरला आणि "मी चुकले" हे दोन शब्द अख्ख्या कुंपणाला ऐकू गेले. रेडिओवाल्याने कानाचा रेडिओ काढून माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत हे शब्द माझ्या तोंडून निघाले नव्हते. निघाले ते असे, भोंगा लावल्यासारखे.

हे दुर्बीण लावूनच होते. विमान वळून लहान होत गेलं, तसे तेही वळत गेले.

"पाच-नऊ," हे म्हणाले. "लिही." आणि मग म्हणाले, "माहितीये मला."

"काय माहितीये?"

"ते एकोणसत्तरचं. फोरमन बोलले होते."

"कधी?"

"झाली अकरा वर्षं."

अकरा वर्षं. सात-तीन. चार-आठ. मी काय बालवाडीत आहे? माझ्या हातातलं पेन खाली पडलं. मला इतका राग आला, इतका राग आला, की मी रडायला लागले, तिथेच, लोकांसमोर.

"अकरा वर्षं तुम्ही माझं ऐकून घेतलंत," मी म्हटलं. "इतकं बोलले मी. एकदा तोंड उघडायला काय झालं होतं?"

यांनी दुर्बीण खाली घेतली. विमान अजून आकाशात होतं, तरी घेतली. "सांगितलं असतं तर तू वही खाली ठेवली असतीस. 'मी आणि चुकले!' असं म्हणून पुन्हा हातात घेतली नसतीस. ओळखतो ना तुला. मग लिहिणार कोण?"

"आणि आज? आज खोट्या यादीवर टिक करून घरी बसला असतात?"

"शब्द दिला होता ना तुला," हे म्हणाले. "सगळ्या वह्यांत तेवढी एकच टिक खोटी आहे. तुझ्या हातची पहिली. म्हटलं, असू दे."

या माणसाला कोणत्या शब्दांत शिव्या द्याव्यात ते मला अजून कळलेलं नाही. मी खाली वाकून पेन शोधलं. एकोणसाठच्या चौकोनात टिक केली. मग एकोणसत्तरच्या चौकोनावर दोन रेघा मारल्या, ठळक, शेजारी सही केली आणि लिहिलं, चूक माझी.

हे वाकून बघत होते. "अगं, पण मग यादी पुरी होत नाही."

"नाही होत."

"मग रविवार?"

"उद्या मी लेकीकडे चाललेय, आठ दिवस," मी म्हटलं. "आणि तुम्हीही येताय. माझी बॅग तुम्ही उचलायची आहे. त्याच्या पुढच्या रविवारचं पुढच्या रविवारी बघू. आणि नाक पुसायला काहीतरी द्या आता, बघत काय बसलात!"

यांनी खिशातून मशीन पुसायचं फडकं काढून दिलं. तेलकट. मी तेच घेतलं.

तेवढ्यात पलीकडून हेलिकॉप्टर उठलं. यांची दुर्बीण आपोआप वर गेली. "एकोणऐंशी," हे ओरडले, आणि जीभ चावली. "म्हणजे सात-नऊ."

"एकोणऐंशीच म्हणा," मी म्हटलं. "मी लिहून दाखवते."

लिहिलं आणि वही यांच्या नाकासमोर धरली. हेलिकॉप्टर डोक्यावर होतं तरी यांनी दुर्बीण बाजूला करून आकडा नीट वाचला.

"बरोबर आहे," हे म्हणाले.